राहत्या घरांत

पांडुरंगमास्तर, तुमच्या निधनाची बातमी तयार आहे. नाव, गाव, पेशा आणि शेवटी 'राहत्या घरात निधन झाले', एवढाच मजकूर. अशा बातम्या आपल्या साप्ताहिकात दर अंकाला असतात आणि त्यांना वेळ लागत नाही. तुमची मात्र अडली आहे. सदू कंपोझिटरने सगळे खिळे जुळवले, 'घरात'पाशी हात थांबवला आणि विचारले, "मास्तरांचं घर हाय. टिंब द्यायचं का नाय?"

प्रश्न बरोबर होता. जुन्या शुद्धलेखनात हा शब्द 'घरांत' असा लिहीत. वरचे टिंब कोणी उच्चारत नसे, फक्त लिहीत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी विद्वानांनी नियम बदलले, सरकारने ते मान्य केले आणि न उच्चारली जाणारी टिंबे भाषेतून गेली. आता 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. साप्ताहिक नव्या नियमाने चालते. तुम्ही शेवटपर्यंत जुन्या नियमाने चाललात. म्हणजे टिंब दिले तर गावाला वाटेल की मास्तर एकाच वेळी अनेक घरांत वारले. नाही दिले तर तुम्ही आयुष्यभर ज्यासाठी भांडलात ते मी तुमच्याच बातमीतून काढून टाकले, असे होईल.

निर्णय वहिनींवर सोपवला आहे. त्या दुपारी येतील. तोवर छपाई थांबली आहे. इतक्या वर्षांत प्रथमच मला तुमच्याशी सलग बोलता येईल आणि तुम्ही मध्ये तोडणार नाही.

आपली पहिली भेट या छापखान्यातच झाली. मुंबईच्या एका दैनिकाच्या टेबलावरून मी नुकताच शहापुरात आलो होतो. डॉक्टरांनी छातीसाठी स्वच्छ हवा सांगितली होती आणि मी ती शोधत शाई-रॉकेलच्या वासात येऊन बसलो होतो. तुम्ही छत्री दाराला टेकवली, गावांच्या नावांवरचा एक लेख पुढे ठेवला आणि म्हणालात, "मजकूर कापा, जोडा, नापसंत करा. टिंबाला हात लावू नका."

त्या काळी सगळेच टिंबे लिहीत. पण आमच्या खोक्यातले टिंबाचे खिळे झिजलेले होते आणि सदू दिसेल तिथे ती गाळत असे. मी सांगितले की टेबलावरचा पहिला धडा असा: वाचकाला जे ऐकू येत नाही ते कापावे.

"वाचक श्वास घेतो," तुम्ही म्हणालात, "तोही ऐकू येत नाय. कापा."

लेख टिंबांसकट छापला. तेव्हापासून तुमचे सदर दर अंकात आले. एखाद्या पाड्याचे नाव कशावरून पडले, कुठल्या पाणवठ्यावरून कोणत्या दोन गावांचा वाद होता, शेंदूर फासलेला दगड देव आहे की जुन्या राजाचा हुकूम आहे, असे विषय असत. पुढे आम्ही नवे नियम घेतले आणि तुम्ही घेतले नाहीत, तेव्हा तुमचा मजकूर दुरूनही ओळखू येऊ लागला. सगळे पान स्वच्छ आणि एकाच रकान्याला गोवर आलेला. गावाने तुम्हाला 'टिंबमास्तर' हे नाव तेव्हा दिले. तुमच्या खऱ्या नावातही दोन टिंबे होती, पण ती दोन्ही उच्चारली जात असल्यामुळे त्यांच्याबद्दल वाद नव्हता.

तुमचा हट्ट जुन्या वळणाच्या ब्राह्मण पंडिताचा असावा, असा बाहेरच्यांचा समज होई. तो चुकीचा होता. तुम्ही कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुणब्याच्या घरातले. तुमच्या पाड्यातून व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास होणारे पहिले तुम्ही. आणि टिंबे काढावीत असे म्हणणारा मी ब्राह्मण, तोही मुंबईहून आलेला. माझा युक्तिवाद असा होता की खेड्यातल्या मुलांना ही टिंबे जड जातात. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी नव्हती त्यांच्यासाठी लेखन सोपे व्हायला हवे.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत. मग म्हणालात, "आमच्यासाठी करताय व्हय? आमाला कुणी इचारलं?"

तुमची बोली रागावल्यावर किंवा रंगात आल्यावरच बाहेर येई. एरवी तुम्ही माझ्याहून शुद्ध बोलत असा.

"एकेका टिंबाला एकेक छडी खाल्लीय मी. हातावर वळ घेऊन घरी गेलो की आय म्हणायची, सोड ती शाळा. नाय सोडली. आता टिंब माझं झालं, माझ्या पोरांना मी न मारता शिकवतो, तर तुमी म्हणता टिंबच नको. आमी माडीवर चढलो की तुमी जिना काढता काय?"

याला माझ्याकडे उत्तर होते. ते असे की छड्या खाल्ल्या म्हणून छडी चांगली ठरत नाही. तुम्ही म्हणालात, मी टिंबाबद्दल बोलतोय, छडीबद्दल नाही. हा वाद तिथेच राहिला. पुढे अनेकदा उकरला आणि प्रत्येक वेळी तिथेच राहिला. माझे मत अजून तेच आहे. तुमचेही बदलले असेल असे वाटत नाही.

तुमचा दुसरा दावा असा, की टिंब उच्चारले जात नाही हेच खोटे आहे. शहरातल्या लोकांनी नाकाने बोलणे सोडले, खेड्याने नाही. याचा पुरावा दाखवायला तुम्ही मला एका पौषात म्हसा गावच्या जत्रेला नेलेत. मुरबाडच्या पुढे, बैलबाजाराच्या धुळीतून आपण घोंगड्यांच्या रांगेत गेलो. एक घोंगडीवाला गाडीतून माल उतरवत मोजत होता. तुम्ही माझा दंड धरलात.

"ऐका! 'पांच' म्हणाला. नाकातून. संस्कृतातल्या 'पंच'मधला अनुस्वार अजून जिवंत हाय त्याच्या नाकात."

मी म्हणालो, "मास्तर, त्याला सर्दी झाली आहे."

"सर्दी नव्हे, व्युत्पत्ती!"

घोंगडीवाल्याने त्याच क्षणी नाक शिंकरले. नंतर तो 'सहा', 'सात' हेही नाकातूनच म्हणाला, आणि त्या शब्दांवर जुन्या नियमानेही टिंब नव्हते. तुम्ही एक घोंगडी विकत घेतलीत आणि परतीच्या वाटेवर त्या विषयावर बोलला नाहीत. मात्र पुढच्या सदरात हा प्रसंग आला, तो सर्दी वगळून.

नव्या नियमांची बातमी आली तेव्हा तुम्ही खचून जाल असे मला वाटले होते. तुम्ही उलट खूश होतात. म्हणालात, मागे पाठ्यपुस्तकांत ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेली होती. पोरे गोंधळली, आम्ही गोंधळलो आणि वेलांटी गपगुमान डावीकडे परत आली. टिंबही येईल. फक्त लोकांनी आवाज उठवला पाहिजे. त्यासाठी वाचनालयात जाहीर सभा घ्यायची, बाजूने तुम्ही बोलायचे, विरुद्ध मी.

मराठी व्याकरणाच्या इतिहासात या सभेची नोंद कुठे नाही. म्हणून इथे करतो.

फळ्यावर तुम्ही स्वच्छ अक्षरात लिहिलेत: 'शनिवारी टिंबाचा प्रश्न'. दवंडीवाल्याला वाचता येत नव्हते. त्याने एकाला विचारले, त्याने घाईत सांगितले आणि बाजारभर पुकारा झाला: "शनिवारी टिंबरचा प्रश्न!" शहापूर तालुक्यात टिंबर हा शब्द लहान मुलालाही कळतो. शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खर्डीचे लाकूड कंत्राटदार बाबूशेठ पहिल्या रांगेत होते. कसाऱ्याचे दोन व्यापारी, जंगल खात्याचा गार्ड आणि उंबरमाळीकडून तोडीवरचे मजूर त्यांच्या मुकादमासह आले होते. वाचनालयाचे नेहमीचे सभासद बाहेर ओट्यावर उभे होते.

तुम्ही क्षणभर गर्दीकडे पाहिलेत. चूक लक्षात आली तेव्हा दुसऱ्या कोणीही ती दुरुस्त केली असती. तुम्ही खडू उचललात आणि फळ्यावर 'लांकूड' असे लिहिलेत.

"शेठ, हे तुमचं लांकूड. ल ला काना, वर टिंब. उद्यापासून हे टिंब जाणार."

बाबूशेठ म्हणाले, "आन्‌ लाकूड?"

"लाकूड राहणार."

"मग नुसकान काय?"

"आज टिंब गेलं. उद्या काना जाईल. काय राहील? लकूड."

सभेत चुळबुळ झाली. मुकादम मागून म्हणाला, "मास्तर, मजुरीचा काय ते सांगा."

बाबूशेठांनी मात्र विचार केला होता. ते उभे राहिले. "मास्तर, आमच्या धंद्यात झाडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा लागतो. ठसा असला तर माल कुठला, कुणाचा, ते कळतं. ठसा नसला तर चोरीचा माल. तुमचं टिंब तसलंच काय?"

मास्तर, तुमचा चेहरा तेव्हा उजळला होता. पंडितांचे लेखच्या लेख वाचून मला जे इतके स्वच्छ कळले नव्हते ते एका कंत्राटदाराने एका वाक्यात सांगितले, आणि तुम्ही टेबलावर थाप मारून म्हणालात, "तसलंच! शब्द कुठल्या रानातून आला त्याचा ठसा! 'नांव'वर टिंब, कारण ते 'नाम'मधून आलं. 'पांच'वर टिंब, कारण ते 'पंच'मधून आलं. ठसा पुसला की नांव कुठलं आणि पाण्यातली नाव कुठली?"

टाळ्या पडल्या. मी उत्तराला उठलो. सांगितले की 'नांव'चे ठीक, पण फळ्यावरचा शब्द 'लांकूड' आहे. तो संस्कृत 'लकुट'वरून आला असे म्हणतात आणि त्यात अनुनासिक कुठेच नाही. तेव्हा लाकडावरचे हे टिंब म्हणजे खोटा ठसा आहे.

गार्डने बाबूशेठांकडे पाहिले. बाबूशेठांनी छताकडे पाहिले. कसाऱ्याचा एक व्यापारी चप्पल शोधू लागला.

"खोटा ठसा कुणी म्हटलं?" बाबूशेठ म्हणाले. "इथं कुणाचा खोटा ठसा नाय. लिहून घ्या, हात वर करा, टिंब राहिलं पायजे!"

ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. गार्डनेही हात वर केला. माझ्या बाजूने सदूचा एक हात होता. ठराव वर पाठवला तो वाचनालयाच्या चिटणीसांच्या अक्षरात, आणि त्यांनीही सवयीने 'टिंबर' लिहिले. काही महिन्यांनी उत्तर आले की विषय जंगल खात्याकडे वर्ग करण्यात आला आहे. तुम्ही ते उत्तर वाचून इतके हसलात की तुम्हाला पाणी द्यावे लागले. त्यानंतर म्हणालात, "निदान बहुमत तरी आपलं." 'आपलं' म्हणालात, याची नोंद मी तेव्हाच घेतली होती.

आता मूळ प्रकरण.

त्या दिवसांत तुमची शाळा मुरबाडात आणि बिऱ्हाड शहापुरात होते. मुरबाडला रेल्वे नाही. एसटी होती, पण तिचा भरवसा नव्हता. तुम्ही आठवडाभर मुरबाडला ठमाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेच्या पडवीत राहायचात आणि शनिवारी घरी यायचात. संध्याकाळी त्या पडवीत बसून तुम्ही दोन्ही तालुक्यांतल्या गावांच्या नावांचा इतिहास लिहीत होतात. वहिनी आणि मुलगी सुमन शहापुरात.

त्याच सुमारास तुमच्या सदरात हे वाक्य आले: 'माणसानें पोटासाठीं कुठेंहि जावें; जीव मात्र घरांत ठेवावा.' तुमच्या मानाने हे फार झाले होते. वहिनींना उद्देशून तुम्ही जाहीररीत्या लिहिलेले हे एकच वाक्य.

अंक निघाल्यावर वहिनी छापखान्यात आल्या. पदर खोचलेला होता.

"भावजी, ह्यांची घरं किती?"

"एक. हे शहापूरचं."

"पेपर तुमचा ना? वाचा." त्यांनी टिंबावर बोट ठेवले. "सुमनला गुरुजींनी याच आठवड्यात शिकवलंय. टिंब नसलं तर एक घर, टिंब असलं तर लय घरं. पोरीनं मोठ्यानं वाचलं. शेजारणी तांदूळ निवडत बसल्या होत्या. समद्या गप झाल्या. कळलं? समद्या!"

मी नियम समजावू लागलो. वहिनी म्हणाल्या, "बातमी छापण्याआधी खातरजमा करता असं तुमीच सांगता. चला मुरबाडला. मला दुसरं घर दाखवा, नायतर नाय म्हणून सिद्ध करा."

ही मागणी नाकारण्याजोगी नव्हती. आम्ही एसटीत बसलो. कंडक्टर तुम्हाला ओळखत होता. म्हणाला, "काय मास्तरीणबाई, आज तुमी उलट्या दिशेला?"

"मास्तरांचं दुसरं घर बघायला चाललो."

त्या गाडीत यानंतर कोणी डुलकी घेतली नाही. किन्हवलीला गाडी पाणी भरायला थांबली तेव्हा खाली उतरलेले सगळे धावत परत येऊन बसले. सरळगाव आले. सरळगावचे उतारू उतरले नाहीत. कंडक्टरने घंटी दोनदा वाजवली. एकजण म्हणाला, "चल रे, मुरबाडला जरा काम हाय."

तुम्ही ठमाबाईच्या पडवीत भाकरी खात होतात. ठमाबाई ताट राखत समोर बसल्या होत्या. त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे त्या सर्वांशी ओरडून बोलत. दारात वहिनी, मागे मी, माझ्यामागे अर्धी एसटी.

"मास्तर, ही कोण रे?"

"बायको!" तुम्ही म्हणालात.

"काय?"

"बायको! माझी बायको!"

"बायको मिळाली? कधी रे? आन्‌ मी तुझ्यासाठी सरळगावची पोर बघून ठेवलीय, तिचं काय करू?"

मागून सरळगावचा एक उतारू पुढे आला. "कुणाची पोर, आजी?"

वहिनी तुमच्या ताटासमोर बसल्या. "पोर दिसायला कशी हाय?" त्यांनी ठमाबाईंना विचारले. ठमाबाईंना हा प्रश्न मात्र ऐकू गेला. उत्तर पुष्कळ लांबले.

तुम्ही भाकरी बाजूला ठेवून पाटी ओढलीत, 'घरांत' लिहिलेत आणि वर्गात सांगता तसे सांगू लागलात, "अगो, हे टिंब अनेकवचनाचं नाय. हे सप्तमीचं. जुनं हाय, मुळातलं."

"सप्तमी-अष्टमी मला नका सांगू. पोरीच्या पुस्तकात काय लिवलंय?"

"पुस्तक चुकीचं हाय!"

"राम एकवचनी होता," वहिनी म्हणाल्या. "तुमी अनेकवचनी निघालात."

पडवीत हशा झाला. तुम्हीही हसलात, कारण कोटी चांगली होती. पण पाटी खाली ठेवली नाहीत. तेव्हा वहिनींनी निकाल दिला. "दोनातलं एक करा. टिंब काढा, नायतर रोज घरी या. मला एकवचन पायजे."

परत येताना पुढच्या अंकातल्या खुलाशाचा मजकूर मी मनात जुळवला होता. टिंब जाणार याबद्दल शंका नव्हती. रोज शहापूर-मुरबाड जाणे-येणे म्हणजे काय ते मी त्याच दिवशी हाडांनी अनुभवले होते. सोमवारी सकाळी तुम्ही डबा आणि छत्री घेऊन स्टँडवर उभे होतात. मी विचारले. तुम्ही म्हणालात, "टिंब राहिलं."

निवृत्त होईपर्यंत तुम्ही रोज गेलात आणि रोज आलात. काळू नदीला पूर येऊन गाडी बंद पडे त्या दिवशी ठमाबाईंची पडवी. दुसऱ्या दिवशी वहिनींना तोंडी नव्हे, लेखी कारण: 'पुरामुळें'. टिंबासकट. वहिनी ते चुलीत घालत.

गावांच्या नावांचा तो इतिहास मात्र पुरा झाला नाही. संध्याकाळ एसटीत जाई. तुम्ही गाडीत लिहायचा प्रयत्न केलात, मांडीवर पुठ्ठा ठेवून. सदरही तिथेच लिहू लागलात. किन्हवलीच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा कागदावर उमटे. पानभर टिंबे. सदू मजकूर उजेडाला धरून विचारायचा, "ह्यातलं व्याकरण कुठलं आन्‌ खड्डा कुठला?" आम्ही अंदाजाने जुळवत असू. तुमच्या काही लेखांत 'बैंल' आणि 'डोंगंर' छापले गेले ते त्यामुळे. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. म्हणालात, "कमी पडण्यापेक्षा जास्त बरी."

तुमच्यानंतर ती पाने पाहिली. मुरबाडच्या बाजूची गावे लिहून झाली आहेत. शहापूरची, म्हणजे तुमच्या स्वतःच्या तालुक्याची, निम्मी राहिली. एका टिंबासाठी पुस्तक गेले, असे मी अनेकदा तुम्हाला सांगायचे ठरवले. ते सांगितले नाही. ते न सांगितलेले बरे झाले, हे मला आज दुपारी कळले.

वहिनी आल्या. बाकावर बसल्या. सदूने त्यांच्यापुढे जुळवलेला मजकूर ठेवला. खिळे उलटे असल्यामुळे तो वाचून दाखवला.

"टिंब द्या," त्या म्हणाल्या.

मी आठवण करून दिली की आता सगळे गाव नव्या नियमाने वाचते. लोक अनेक घरे असे वाचतील.

"वाचू दे."

"वहिनी, त्या वेळी याच टिंबापायी तुम्ही मला मुरबाडला नेलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "भावजी, मला वाचायला कुणी शिकवलं? ह्यांनीच ना. लगीन होऊन आले तेव्हा मला अ येत नव्हता. चुलीपुढं राखेत बोट धरून शिकवलं, टिंबासकट. ह्यांच्या हातचं 'घरांत' म्हणजे एकच घर, हे सुमनच्या गुरुजींच्या आधी मला ठाऊक."

सदूच्या हातातला खिळा खाली पडला.

"मग ते मुरबाड, ते भांडण?"

"शनिवारी येणार, सोमवारी जाणार. नुसतं 'घरी या' म्हटलं तर म्हणायचे गाडी नाय, शाळा हाय, पुस्तक हाय. ह्यांच्याशी बोलून कोण जिंकलंय? तुमी जिंकलात कधी?"

मी नाही म्हटले.

"टिंबावर बोट ठेवलं तेव्हा माणूस आला."

"आणि शेजारणी? त्या गप झाल्या होत्या ना?"

"मीच म्हटलं होतं, गप बसा गो जरा."

मी विचारले की मास्तरांना हे कधी कळले का. वहिनींनी पदराने डोळे पुसले, मग तोच पदर तोंडाशी नेला, कारण त्यांना हसू येत होते. "पहिल्याच सोमवारी कळलं. डबा हातात घेतला आन्‌ म्हणाले, 'टिंब बरं वापरलंस.' मला वाटलं आता रागावतील, मुरबाडलाच राहतील. छत्री घेतली आन्‌ स्टँडवर गेले."

म्हणजे मास्तर, तुम्ही मला स्टँडवर 'टिंब राहिलं' म्हणालात ते अर्धेच खरे होते. राहिलेला भाग तुम्ही उच्चारला नाहीत. तुमच्या पद्धतीप्रमाणे तो लिहिलेला मात्र होता, 'जीव मात्र घरांत ठेवावा' असा, अंकात, सगळ्यांसमोर, आणि तो मीच छापला होता.

वहिनी गेल्यावर मुरबाडची गाडी आली. त्याच कंडक्टरने निरोप आणला. तुमची बातमी पोहोचल्यापासून ठमाबाईंनी चूल पेटवलेली नाही. पडवीत तुम्ही बसायचात तिथे दिवा लावला आहे. शेजाऱ्यांनी सांगितले की मास्तर त्यांच्या घरी शहापूरला गेले, तुझं कशाला सुतक? तर ओरडून म्हणाल्या, "माझ्या घरातला माणूस गेला, मी नाय धरणार तर कोण धरणार?" कंडक्टर म्हणाला, ती पडवी त्यांनी तुमच्यानंतर इतकी वर्षे दुसऱ्या कोणाला भाड्याने दिलीच नव्हती. पाटी अजून खुंटीला आहे.

मी हे कंडक्टरकडून दोनदा वदवून घेतले. मग सदूला सांगितले. त्याने खोक्यात शोधून एक न झिजलेला खिळा काढला आणि शब्द पुरा केला.

मास्तर, बातमी आता अशी आहे: 'राहत्या घरांत निधन झाले.' तुमच्या नियमाने एक घर, आमच्या नियमाने दोन. दोन्ही तपासून घेतली आहेत. या शब्दाबद्दल शुद्धिपत्र छापले जाणार नाही.